सड शीतगृहात दिसते, लागते बागेत

पेटीत भरलेलं प्रत्येक पीच पारखून घेतलेलं असतं. शीतगृहातून पेटी बाहेर येते, दोन दिवस दुकानात राहते आणि एका फळावर रुपयाएवढा तपकिरी डाग उठतो. दुसऱ्या दिवशी निम्मं फळ तपकिरी, वर राखेसारखी भुरकट पूड. बोट लावलं की बोटाला येते. ती पूड म्हणजे मोनिलिनिया या बुरशीचे बीजाणू.

बोल लागतो शीतगृहवाल्याला. पण ही बुरशी बहुतेकदा बागेतूनच आलेली असते. गेल्या हंगामात सडलेली फळं झाडावरच सुकून, सुरकुतून लटकत राहतात. वसंतात त्यांच्यावरचे बीजाणू वाऱ्यापावसाबरोबर फुलांवर आणि पुढे फळांवर पोहोचतात. हिरव्या, कडक फळात बुरशी गप्प पडून राहते. फळ पिकायला लागलं की हातपाय पसरते. तोडणाऱ्याला दिसणार काय? म्हणून ती वाळकी फळं हिवाळ्यातच वेचून बागेबाहेर काढायची असतात.

दुसरी बुरशी आपल्या ओळखीची. शिळ्या पावावर काळे ठिपके आणते तीच, रायझोपस. हिला शिरायला सालीवर ओरखडा लागतो, पण एकदा शिरली की गराचं पाणी करते, साल हाताबरोबर निघून येते आणि पांढरे धागे शेजारच्या चांगल्या फळावर चढतात. मात्र थंडीपुढे तिचं काही चालत नाही. ५ अंशांखाली तिची वाढ जवळपास थांबते. मोनिलिनिया शून्य अंशालाही वाढते, फक्त सावकाश.

व्यापारी साठवण शून्याच्या आसपास होते. गरातल्या साखरेमुळे फळ तिथे गोठत नाही. गंमत म्हणजे पीचला खरा धोका मधल्या थंडीचा. साधारण २ ते ८ अंशांत फार दिवस राहिलं तर गर कोरडा, लोकरीसारखा होतो, रस म्हणून उरत नाही. घरचा फ्रिज नेमका याच पट्ट्यात चालतो. तेव्हा कडक पीच आधी बाहेर पिकू द्यावं, मग दोन-तीन दिवसांपुरतं आत.

बुरशीनाशकाऐवजी गरम पाण्याचा उपायही आहे. स्पेनमधल्या प्रयोगांत ६० अंशांच्या पाण्यात ४० सेकंद बुडवलेल्या फळांची सड बरीच घटली. आच गरात खोल जाण्याआधीच सालीजवळची बुरशी मरते. पण ही आंघोळ मागे काही ठेवत नाही. नंतर फळं पुढे सरकवणाऱ्या ओल्या पट्ट्यावरून नवे बीजाणू चिकटले, तर त्यांना अडवणारं सालीवर काहीच नसतं.