तीन सेकंदांची वाट

मे महिन्यात नागपुरात पहाटे साडेपाचला उजाडतं आणि आठ वाजले की ऊन अंगावर यायला लागतं. पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या शहरात मोकळ्या हवेत हिंडायला मिळतो तो एवढाच वेळ. म्हणून फुटाळ्याचा काठ, सेमिनरी हिल्सचे झाडीतले रस्ते, अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानातल्या आणि गोरेवाड्याच्या जंगलवाटा, या सगळ्यांवर सगळे एकदमच उतरतात. गप्पा मारत चाललेल्या काकू, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जपून पाऊल टाकणारे आजोबा, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं, कुत्र्याला फिरवणारे, शिकवणीला निघालेली मुलं आणि त्यांच्यातूनच कामावर जाणारे सायकलवाले.

वाट एक, वेग चार. चालणारा ताशी ४-५ किलोमीटरनं जातो, धावणारा १०-१२नं, रोजचा सायकलवाला १५ ते २०नं आणि सरावाला आलेला रेसिंग सायकलवाला ३०च्याही पुढे. त्यात आता बॅटरीवरच्या सायकली आल्या आहेत. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असेल तर त्यांना आपल्याकडे नोंदणी लागत नाही, परवानाही लागत नाही. अशा वाटेवर धोका निर्माण होतो तो वेगांमधल्या या फरकातून.

तो फरक किती मोठा आहे हे ऊर्जेच्या हिशेबात कळतं. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले, तर ताशी २० किलोमीटर वेगाला त्यांच्याजवळ सुमारे १३०० जूल गतिज ऊर्जा असते. ६० किलो वजनाची व्यक्ती ताशी ५ किलोमीटरनं चालत असेल तर तिच्याजवळ ६० जूलही नसतात. म्हणजे साध्या, बिनघाईच्या सायकलस्वाराजवळ चालणाऱ्याच्या बावीसपट ऊर्जा असते. वेग ३०वर नेला की ती २९०० जूलच्या पुढे जाते; वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोनपट. आणखी एका मापानं पाहा. सुमारे १.६ मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी २० किलोमीटर असतो. ताशी ३०साठी साडेतीन मीटर उंची लागते, म्हणजे पहिल्या मजल्याची गॅलरी. सकाळी फिरायला येणाऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात. त्या वयात हाडं विरळ झालेली असतात आणि नुसत्या बाजूला कोसळण्यानंही खुब्याचं हाड मोडू शकतं. म्हणून मला वाटतं, अशा वाटेवर जबाबदारीची वाटणी सारखी असू शकत नाही. ज्याच्याजवळ ऊर्जा जास्त, त्यानं अधिक सांभाळावं.

सांभाळायचं म्हणजे नेमकं काय? बहुतेकांचं उत्तर असतं, घंटी वाजवायची. उत्तर बरोबर आहे, पण बहुतेक घंट्या चुकीच्या ठिकाणी वाजतात.

समजा सायकल ताशी १८ किलोमीटरनं येते आहे, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. पुढे चालणाऱ्या काकाजींचा वेग सेकंदाला १.४ मीटर. दोघांमधलं अंतर सेकंदाला ३.६ मीटरनं कमी होतं. सायकलवाला चार मीटरवर येऊन घंटी वाजवतो तेव्हा काकाजींच्या हातात जेमतेम एक सेकंद उरतो. या एका सेकंदात त्यांच्या शरीरात काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या पहिल्या एक-दोन दशांशातच मान आणि खांदे आखडतात. ही दचकण्याची क्रिया विचाराच्या आधी होते. मग मेंदू आवाजाची दिशा शोधतो, मान वळते, डोळे सायकल टिपतात, कुठे सरकायचं ते ठरतं आणि शेवटी पाऊल हलतं. याला दोन-तीन सेकंद सहज लागतात, वय झालं असेल तर अधिक. शिवाय चालताना मान ज्या बाजूला वळते, त्याच बाजूला बहुतेकांचं पाऊलही कलतं. काकाजी उजवीकडे वळून पाहतात आणि नेमके सायकलीच्या वाटेत येतात. सायकलवाल्याला वाटतं, यांना समजतच नाही. खरं तर त्याने त्यांना समजायला वेळच ठेवलेला नसतो.

दिशा शोधण्याचं काम तर फारच अवघड आहे. आवाज डावीकडून आला की डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्या कानात किंचित उशिरा. आपल्या डोक्याच्या रुंदीमुळे हा फरक जास्तीत जास्त सेकंदाचा पंधराशेवा भाग इतकाच पडतो, तरी मेंदू तो अचूक पकडतो. पण आवाज सरळ पाठीमागून आला तर दोन्ही कानांत एकाच क्षणी पोचतो. सरळ समोरून आला तरी तसंच होतं. मग पुढे-मागे हा निवाडा करण्यासाठी मेंदू कानाच्या पाळीच्या घड्यांकडे जातो. त्या घड्यांवरून परावर्तित होताना आवाजातल्या उंच पट्ट्या थोड्या बदलतात आणि त्या बदलावरून दिशा ओळखता येते. आता वयाचा परिणाम यात मिळवा. उतारवयात श्रवणशक्ती कमी होते ती आधी उंच पट्टीतच. म्हणजे घंटीचा बारीक, टोकदार किणकिणाट मुळातच कमी ऐकू येतो आणि जो येतो तो कुठून आला हे सांगणारी खूणही पुसट झालेली असते. घंटी मोठी घेतल्यानं हा प्रश्न सुटत नाही.

माणसाचा आवाज मात्र मधल्या पट्टीत असतो. बोलण्यातली बहुतेक ऊर्जा साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान असते आणि तिथे वयस्क कानही बऱ्यापैकी साथ देतात. शिवाय कानाला जी दिशा कळत नाही, ती शब्दांनी सांगता येते. १५-२० मीटर आधी घंटी एकदा हलकेच वाजवावी, वेग उतरवावा आणि जवळ आल्यावर म्हणावं, "काकाजी, तुम्ही चाला, मी उजव्या हातानं निघतो." पंधरा मीटरवरून वाजवलेली घंटी चार सेकंदांहून अधिक वेळ देते. वेग उतरवल्यानं तो आणखी वाढतो. नुसतं "उजवीकडे, उजवीकडे" ओरडू नये. ती ऐकणाऱ्याला आज्ञा वाटते आणि तो खरंच उजवीकडे सरकतो. वाक्यात "तुम्ही चाला" हे हवंच, कारण सरळ रेषेत चालत राहणारा माणूस हा ओलांडायला सर्वांत सुरक्षित असतो.

कानात इअरफोन असतील तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. बाहेरचा आवाज दाबणारे इअरफोन लावून अशा वाटेवर चालणाऱ्यांनी निदान एक कान मोकळा ठेवावा, ही चालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सायकल चालवणाऱ्यानं तर दोन्ही.

आता थांबण्याकडे येऊ. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि तेवढ्यात सायकल पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले, तर ताशी १५ किलोमीटरला एकूण सहा-साडेसहा मीटर, २०ला साडेनऊ मीटर आणि ३०ला तब्बल १७ मीटर लागतात. जंगलवाटेवर घाणेरीच्या झुडपांमागे वळण असतं आणि पुढची वाट जेमतेम दहा-बारा मीटर दिसते. अशा ठिकाणी २०च्या वेगानं वळणं म्हणजे पुढे कोणी उभं नाही असं गृहीत धरणं. समोरूनही सायकल येऊ शकत असेल तर नियम आणखी कडक होतो. दिसणारं अंतर दोघांत वाटलं जातं, म्हणून दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. दहा मीटर दिसत असतील तर पाच मीटरमध्ये. याचा अर्थ ताशी दहा-बारा किलोमीटरच.

ब्रेकबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो, या भीतीनं अनेकजण तो वापरतच नाहीत. पुष्कळ सायकलींचा तर तो सैलच पडलेला असतो. प्रत्यक्षात थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते हलकं चाक घसरतं आणि थांबण्याचं अंतर साधारण दुप्पट होतं. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत आणि कंबर थोडी मागे नेत दाबले, तर उलटण्याची भीती राहत नाही. हा सराव मोकळ्या मैदानात करावा.

"थांबता नाही आलं तर बाजूनं काढीन," असं अनेकांना वाटतं. यात सायकलीचं शास्त्र आडवं येतं. सायकल उजवीकडे वळवायची तर ती आधी उजवीकडे कलली पाहिजे आणि ती कलावी म्हणून हॅण्डल क्षणभर डावीकडे जावं लागतं. आपण हे नकळत करतो. पण त्यामुळे चुकवण्याच्या पहिल्या क्षणी चाक नको त्या बाजूला जातं आणि खरं वळण उशिरा सुरू होतं. सायकल उभी कशी राहते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ पुरला आहे. फिरत्या चाकांच्या घूर्णन-परिणामामुळे, म्हणजे फिरतं चाक आपला कल बदलायला विरोध करतं म्हणून, ती तोल धरते असं पूर्वी सर्रास सांगितलं जाई. २०११मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठांच्या संशोधकांनी हा परिणाम रद्द केलेली एक सायकल बनवली आणि ढकलून दिल्यावर ती स्वारावाचूनही तोल सावरत धावली. ज्या बाजूला पडायला लागेल त्या बाजूला हॅण्डल वळणं, हे तोलाच्या मुळाशी असतं. म्हणून सरळ जाणारी सायकलही बारीक नागमोडी रेघ काढत असते आणि वेग कमी झाला की हे वळसे मोठे होतात. एखाद्याला घासून जाणं यासाठीच चुकीचं आहे. मध्ये एक मीटर अंतर हवं.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. अंधारू लागलं की डोळ्याला लाल रंग काळपट दिसतो, त्यामुळे लाल टी-शर्ट उठून दिसेल ही समजूत फोल ठरते. परावर्तक पट्ट्या आलेला प्रकाश ज्या दिशेनं आला तिकडेच परत पाठवतात. अमरावती रोडवर त्या उत्तम काम करतात, कारण मागून येणाऱ्या गाडीला हेडलाइट असतो. तळ्याकाठी चालणाऱ्या माणसाच्या कपाळावर दिवा नसतो, त्याला तुमच्या पट्ट्या दिसणारच नाहीत. तिथे सायकलीला स्वतःचा दिवा लागतो. आणि तो खाली झुकलेला, सात-आठ मीटर पुढच्या जमिनीवर पडणारा हवा. प्रखर एलईडी समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर त्याला पुढचे काही सेकंद वाटेतला दगडही दिसत नाही. वयस्क डोळे सावरायला आणखी वेळ घेतात.

पावसाळ्यात सगळे आकडे बिघडतात. ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड निम्मी झाली तर ताशी २०ला साडेनऊऐवजी तेरा मीटरहून अधिक लागतात. रिमवर लागणारे ब्रेक तर पाणी पुसलं जाईपर्यंत धरतच नाहीत. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं. कच्च्या वाटांवर आपली काळी माती असते. तिच्यातले चिकणकण पाणी पिऊन फुगतात, टायरच्या खाचा भरून टाकतात आणि मग चाकाखाली गुळगुळीत थर उरतो. अशा मातीत ब्रेक दाबून वळू नये. आधी सरळ रेषेत वेग उतरवावा, मग वळावं.

मुलं आणि कुत्री यांच्याबाबत थोडक्यात. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग नीट जोखता येत नाही, त्यामुळे मूल दिसलं की ते आडवं येणारच असं धरून चालावं. पट्ट्यातलं कुत्रं एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला असेल तर मधली दोरी सायकलवाल्याला दिसत नाही. भटकी कुत्री हलत्या पायांमागे धावतात. पायडल थांबवावं, हवं तर उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालावं.

शेवटी रुंदीचा हिशेब, कारण बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात. शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोघांना दीड मीटर लागतो, मधलं अंतर एक मीटर आणि डुलत्या सायकलीला एक मीटर. एकूण साडेतीन मीटर. वाट अडीच मीटरची असेल तर दोघांना न सरकवता ओलांडणं शक्यच नाही. मग मागे राहायचं, जागा मिळेपर्यंत. शंभर मीटर असं मागे राहिलं तर १८च्या वेगाच्या तुलनेत बावन्न सेकंद जास्त जातात. कार्यालयापर्यंतच्या वाटेत असे तीन गट भेटले तरी अडीच-पावणेतीन मिनिटं. तेवढं आधी निघणं कोणालाही जमेल. आणि चालणाऱ्यांनी चौघांची आडवी रांग केली नाही, डावी बाजू धरली, गप्पांसाठी थांबताना वाटेच्या कडेला उतरून थांबलं, तर तेवढाही वेळ लागणार नाही. नवीन वाट आखणाऱ्यांनी मात्र हा साडेतीन मीटरचा आकडा निविदा काढण्याआधीच मांडावा. जिथे तेवढी जागा नाही आणि रोज कामावर जाणाऱ्या सायकली पुष्कळ आहेत, तिथे त्यांच्यासाठी वेगळी पट्टी हवी, आणि वळणांवरची झुडपं पावसाळ्यानंतर दरवर्षी छाटायला हवीत.