दुष्काळ, युद्ध आणि उशीर : रिटर्नमधल्या जादा करांची पार्श्वभूमी

आयकर रिटर्नमध्ये स्लॅबप्रमाणे जो कर निघतो, तो शेवटचा आकडा नसतो. त्याच्या खाली आणखी ओळी असतात : सरचार्ज (म्हणजे करावर टक्क्यांनी लागणारा जादा कर), सेस (ठरावीक कामासाठी घेतलेला जादा कर), २३४ए, बी आणि सी या कलमांखालचं व्याज, २३४एफची लेट फी, आणि मुदत उलटून गेल्यावर रिटर्न सुधारायचं ठरवलं तर त्यावरचा अतिरिक्त कर. सोलापुरच्या नवी पेठेतला कापड दुकानदार असो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेल कारखानदार असो की पेन्शनवर असलेले गुरुजी, सीएकडून आलेल्या हिशेबात या ओळी दिसल्या की पहिला प्रश्न ठरलेला : हा वरचा भुर्दंड कशाचा? खरं तर या ओळींची दोन घराणी आहेत. सरचार्ज आणि सेस सरकारच्या गरजेतून आले. व्याज, लेट फी आणि अतिरिक्त कर आपल्या उशिरातून. पहिल्या घराण्याचा इतिहास जुना आहे आणि त्याचा काही भाग आपल्याच जिल्ह्यावरून गेलेला आहे.

भारतात आयकर आला १८६० मध्ये. १८५७ च्या उठावानं तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायला इंग्रज सरकारचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी तो आणला आणि ५ वर्षांत तो बंदही झाला. पुढची वीसेक वर्षं कधी लायसन्स टॅक्स, कधी पुन्हा आयकर अशी ये-जा चालू राहिली. त्यातच १८७६-७८ चा दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यातल्या ज्या जिल्ह्यांना त्याचा जबर तडाखा बसला, त्यांत सोलापूर होतं. (इथली जुनी मिल सुरू झाली तीही १८७७ मध्येच, म्हणजे ऐन दुष्काळात.) पुढच्या दुष्काळांची सोय म्हणून दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढावेत, अशी योजना सरकारचे अर्थसदस्य सर जॉन स्ट्रेची यांनी मांडली. पैसा उभा करायला व्यापारी आणि कारागिरांवर लायसन्स टॅक्स बसवला, काही प्रांतांत जमिनीवर जादा सेस लावला. १८७८ च्या एप्रिलमध्ये सुरतेत या करावरून दुकानं बंद झाली, दंगल झाली, गोळीबार झाला.

त्याच वर्षी दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं. दुष्काळाच्या नावानं गोळा केलेला पैसा तिकडं वळवला, ही तक्रार हिंदी पुढारी नंतर कित्येक वर्षं करत राहिले. एका कामासाठी घेतलेला पैसा त्याच कामावर खर्च होतो का, हा सेसबद्दलचा आजचा वाद नवा नाही, एवढं त्यावरून दिसतं. लायसन्स टॅक्स पुढं १८८६ च्या आयकर कायद्यात विरून गेला आणि तेव्हापासून आयकर कायमचा झाला.

दुष्काळानंतर दुसरं मोठं कारण युद्ध. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ५० हजार रुपयांवरच्या उत्पन्नाला नेहमीच्या आयकराशिवाय 'सुपर टॅक्स' लागू झाला. त्या काळी ५० हजार म्हणजे गिरणीमालकाची कमाई. सामान्य सोलापूरकराला त्याची झळ लागण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये आयकरावर सरचार्ज आला, कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर वेगळा कर आला. युद्ध संपलं तरी सुपर टॅक्स १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला आणि मग आयकराच्या दरांतच मिसळून गेला.

स्वातंत्र्यानंतरही सरचार्जची सवय सुटली नाही. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरचा दर ८५ टक्के आणि त्यावर १५ टक्के सरचार्ज, म्हणजे एकूण ९७.७५ टक्के होता. २ लाखांच्या पुढं मिळवलेल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात राहायचे. एवढ्या दरानं कर भरला किती गेला आणि लपवला किती गेला, हे कुणी सांगायची गरज नाही. प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीनं १९७१ मध्येच दर उतरवा म्हणून सांगितलं होतं. ते १९७४ पासून उतरू लागले. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा, १९७१ च्या नोव्हेंबरपासून, पत्रावर ५ पैशांचं 'निर्वासित साहाय्य'चं तिकीटही जास्तीचं लावावं लागे. जुनी पत्रं जपणाऱ्या घरांत ते अजून सापडतं.

१९९९ च्या अर्थसंकल्पात ६० हजारांवरच्या उत्पन्नाला १० टक्के सरचार्ज लागला. हा अर्थसंकल्प फेब्रुवारीतला आणि कारगिलचं युद्ध उन्हाळ्यातलं, त्यामुळं त्याला कारगिलचा सरचार्ज म्हणणं बरोबर नाही. २००१ मध्ये गुजरातच्या भूकंपासाठी २ टक्के आला, २००२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेसाठी ५ टक्के. २००९ मध्ये व्यक्तींवरचा सरचार्ज पूर्ण काढून टाकला गेला. चार वर्षांनी तो परत आला. १ कोटीच्या वर उत्पन्न दाखवणारे देशात फक्त ४२,८०० लोक आहेत, असं अर्थमंत्री चिदंबरम यांनी २०१३ च्या अर्थसंकल्पी भाषणात सांगितलं आणि त्यांच्यावर १० टक्के लावला. २०१५ मध्ये संपत्ती कर रद्द झाला, तेव्हा त्याच्या बदल्यात सरचार्ज १२ टक्के झाला, पुढच्या वर्षी १५. २०१७ मध्ये ५० लाख ते १ कोटी या गटालाही १० टक्के लागू झाला. २०१९ मध्ये २ कोटींच्या वर २५ आणि ५ कोटींच्या वर ३७ टक्के अशी पायरी वाढली. २०२३ मध्ये नव्या करप्रणालीपुरती ती २५ टक्क्यांवर थांबवली, म्हणून तिथला सर्वांत वरचा दर ४२.७४४ वरून ३९ टक्क्यांवर आला.

नोकरदारांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'सहज' म्हणून ओळखला जाणारा आयटीआर-१ फॉर्म ५० लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठीच आहे, त्यामुळं त्यात सरचार्जचा संबंधच येत नाही. सोलापुरातल्या बहुतेक पगारदारांनी सरचार्ज फक्त बातम्यांत ऐकलेला असतो. यार्नचा मोठा व्यापारी किंवा डॉक्टर ५० लाखांच्या किंचित पुढं गेला, तर मात्र 'मार्जिनल रिलीफ' कामाला येतो : ५० लाखांवर जेवढे रुपये जास्त मिळाले, त्यापेक्षा जास्त रकमेनं कर वाढत नाही.

सेस मात्र कर भरणाऱ्या प्रत्येकाला. २००४ मध्ये शिक्षणासाठी २ टक्के आला, २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का, आणि २०१८ मध्ये दोन्ही काढून आरोग्य व शिक्षण मिळून ४ टक्के झाला. तो उत्पन्नावर नाही तर कर आणि सरचार्जच्या बेरजेवर मोजतात, आणि कमी उत्पन्नाला करात मिळणारी ८७ए ची सूट वजा केल्यानंतर मोजतात. कर शून्य झाला तर सेसही शून्य. प्राथमिक शिक्षणाच्या पैशासाठी वेगळा कोष २००५ मध्ये निघाला. माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या १ टक्क्यासाठी कोष मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. मधल्या दहा वर्षांत हा पैसा वेगळा दिसेल अशी सोयच नव्हती, आणि त्यावर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं बोट ठेवलं.

केंद्राला सेस आणि सरचार्ज एवढे का आवडतात, याचं उत्तर संविधानाच्या २७० आणि २७१ कलमांत आहे. आयकराचा मूळ पैसा राज्यांशी वाटून घ्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला. सेस आणि सरचार्ज या वाटणीच्या बाहेर. मूळ दर वाढवला तर महाराष्ट्रालाही वाटा, सरचार्ज वाढवला तर सगळा केंद्राचा. हे कायद्याला धरून आहे, पण तात्पुरता म्हणून आणलेला कर वर्षानुवर्षं चालवायचा आणि राज्यांना त्यातला पैसा द्यायचा नाही, हे मला तरी योग्य वाटत नाही.

राज्यंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो व्यवसाय कर, म्हणजे आपला 'पीटी', महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानं आला. त्याच्या मुळाशी १९७२ चा दुष्काळ होता. सोलापूर जिल्ह्यातली माणसं तेव्हा खडी फोडायला, तलावाच्या कामांवर गेली, ते सांगणारे अजून गावोगाव भेटतील. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, म्हणून शहरातल्या पगारदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसला. संविधानानं त्याला घातलेली वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा १९८८ पासून बदललेली नाही. आयकर रिटर्नमध्ये त्याचा उपयोग उलटा होतो : जुन्या करप्रणालीत पगारातून त्याची वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही.

आता दुसरं घराणं. आगाऊ कराची पद्धत १९४४ ची, तीही युद्धकाळातली. वर्ष संपेपर्यंत थांबण्याऐवजी कमाई होत असतानाच सरकारला पैसा हवा होता. उशिराच्या व्याजाची जुनी कलमं अधिकाऱ्याला बरीच मोकळीक देत. व्याज कमी करून घ्यायला खेटे घालणं हा व्यापाऱ्यांच्या वर्षाचा एक भागच होता. १ एप्रिल १९८९ पासून २३४ए, बी आणि सी लागू झाली आणि व्याज आपोआप लागू लागलं. ते सक्तीचं आहे, यावर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घासवाला प्रकरणात शिक्कामोर्तब केलं. २३४ए आणि बीचा दर सुरुवातीला महिन्याला २ टक्के होता, तो उतरत २००३ पासून १ टक्क्यावर आला. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात.

२३४ए रिटर्न उशिरा भरल्याबद्दल, आणि तेही न भरलेल्या करावर. सगळा कर आधीच भरलेला असेल तर ते शून्य. २३४बी आगाऊ कर ९० टक्क्यांहून कमी भरल्याबद्दल, २३४सी हप्ते चुकल्याबद्दल. टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापलेला कर, वजा जाता वर्षाचा कर १० हजारांवर जात असेल तर आगाऊ कर लागू होतो, त्याचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला. छोटे व्यापारी ४४एडीखाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी ठोक नफा दाखवतात, त्यांना सगळा एकदम १५ मार्चपर्यंत चालतो. सोलापुरात गोंधळ होतो तो बहुधा मुदत ठेवींवरून. बँक १० टक्के टीडीएस कापते, माणूस ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतो, आणि "बँकेनं कापलाय की" म्हणून तो निवांत राहतो. उरलेल्या कराचं व्याज रिटर्नमध्ये निघतं. वय ६० किंवा जास्त आणि धंद्याचं उत्पन्न नाही, अशा ज्येष्ठांना मात्र आगाऊ कर लागू नाही, म्हणून २३४बी आणि सी त्यांना लागत नाही. पेन्शनर मंडळी उगाच घाबरतात.

लेट फी बरीच नंतरची. २०१७ च्या वित्त कायद्यानं ती आली : ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,०००, त्यापुढं ५,०००. आधी डिसेंबरनंतर ती १० हजार होत असे, तो टप्पा पुढं काढला. कर पूर्ण भरलेला असला तरी उशीर झाला म्हणजे ही लागतेच. चलान भरताना आणखी एक बारकावा : रक्कम कमी पडली तर ती आधी फीमध्ये, मग व्याजात आणि शेवटी करात जिरते. म्हणजे कर थोडा शिल्लक राहतो आणि त्यावर व्याज चालूच.

अतिरिक्त कर या नावानंच ओळखला जाणारा प्रकार २०२२ चा. मुदत संपल्यावर एखादं उत्पन्न राहून गेल्याचं लक्षात आलं, तर पूर्वी नोटिशीची वाट बघण्यापलीकडं फारसं काही हाती नसे. त्या वर्षी अद्ययावत रिटर्नची, म्हणजे आयटीआर-यूची सोय झाली. आकारणी वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून १२ महिन्यांत भरला तर कर आणि व्याजाच्या बेरजेवर २५ टक्के जादा, २४ महिन्यांत ५० टक्के. २०२५ च्या वित्त कायद्यानं मुदत ४८ महिन्यांपर्यंत नेली आणि तिसऱ्या वर्षाला ६०, चौथ्याला ७० टक्के ठरवले. समजा राहून गेलेला कर आणि व्याज मिळून ४० हजार होतात. पहिल्या वर्षात त्यावर १० हजार जादा, चौथ्यात २८ हजार, आणि तोवर व्याजही वाढलेलं. सुमारे ९० लाख करदात्यांनी ही सोय वापरल्याचं अर्थमंत्र्यांनी २०२५ च्या भाषणात सांगितलं. परतावा वाढवायला किंवा कर कमी दाखवायला मात्र ती चालत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि १९६१ च्या कायद्यातले हे सगळे कलमांचे क्रमांक बदलले. त्याआधीच्या वर्षांची रिटर्न्स मात्र जुन्याच कायद्यानं चालतात, त्यामुळं २३४बी हा शब्द सीएच्या तोंडी अजून काही वर्षं राहणार.