रोज हाताने करता ती कामं फोनवर सोपवा
(दांडिया बाजारातल्या आमच्या मोबाइल विक्री-दुरुस्तीच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. आमच्या काउंटरवर असे बरेच जण येतात ज्यांच्या फोनला काहीही झालेलं नसतं. "रिंगच वाजत नाही हो, स्पीकर बदलून द्या." बघावं तर फोन सायलेंटवर. सकाळी देवळात, बँकेत नाहीतर डॉक्टरांकडे गेल्यावर आवाज बंद केला आणि परत चालू करायचा राहून गेला. आम्ही आवाज वाढवून देतो, तेही हसतात, आम्हीही हसतो. आठवड्याने तीच व्यक्ती तीच तक्रार घेऊन परत येते. स्पीकरचे पैसे आम्हाला घेता येत नाहीत आणि तुमची बडोद्याच्या उन्हात एक फेरी फुकट जाते. म्हणून हे पत्रक.

सुरुवात फोनपासून करू नका, कागदापासून करा. दोन दिवस लक्ष ठेवा, फोनवर कोणती गोष्ट तुम्ही रोज हाताने करता. आवाज बंद-चालू, रात्री उजेड कमी, घरचा पत्ता पुन्हा पुन्हा टाइप करणं, "निघालो, वीस मिनिटांत पोचतो" हा निरोप. यादी करा आणि त्यातल्या तीनच गोष्टी निवडा. एका दिवसात वीस सेटिंग्ज बदलणारे लोक तिसऱ्या दिवशी "माझा फोन आपोआप काहीतरी करतो" म्हणत आमच्याकडे येतात. कुठलंही सेटिंग लावताना ते बंद कुठून करायचं हेही त्याच वेळी बघून ठेवा.

शांत राहायची वेळ

हे एवढं एकच केलंत तरी पत्रकाचा खर्च वसूल. आमच्या एक नेहमीच्या काकू संध्याकाळी हरिपाठाला जातात. नातवाने त्यांच्या फोनला गरब्याची रिंगटोन लावून दिलेली, आणि ती बरोबर टाळ थांबले की वाजायची. काकू दुकानात आल्या त्या तणतणतच, "अरे, याला काही लाज आहे की नाही?" सायलेंट करून त्या कंटाळल्या होत्या, कारण मग रात्री पुण्याहून लेकीचा फोन आला तरी कळत नसे.

त्यांच्या फोनवर केलं ते असं. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधायच्या चौकोनात 'डिस्टर्ब' टाइप केलं आणि 'डू नॉट डिस्टर्ब' उघडलं. फोन मराठीत असेल तर हेच 'व्यत्यय आणू नका' या नावाने सापडतं. त्यात शेड्यूल म्हणजे वेळापत्रक असतं. तिथे रोज संध्याकाळी साडेपाच ते सात अशी वेळ भरली. साडेपाचला फोन आपणहून गप्प होतो, सातला आपणहून बोलू लागतो. हाताने सायलेंट करण्यात आणि यात फरक हाच: याला शेवट आहे.

मग अपवाद. संपर्कांच्या यादीत लेकीच्या नावापुढचा तारा दाबला आणि 'तारांकित संपर्कांचे कॉल येऊ द्या' असं ठेवलं. म्हणजे हरिपाठ चालू असताना सगळे गप्प, लेक मात्र वाजते. (काकूंचं म्हणणं, लेकीचा फोन आलेला विठोबाला चालतो.) खाली आणखी एक पर्याय असतो, पुन्हा पुन्हा कॉल करणाऱ्यांना परवानगी. अँड्रॉइडमध्ये एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. आयफोनमध्ये ही मुदत तीन मिनिटांची. हा पर्याय आम्ही प्रत्येकाच्या फोनवर चालू ठेवून देतो. त्याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या फोनवर रात्री साडेदहानंतर शांतता असते, आईच्या नावाला तारा आहे. एका रात्री आईचा फोन बंद पडला आणि तिने शेजारच्या काकांच्या फोनवरून लावला. काकांना काही मी तारा दिलेला नव्हता. पहिला कॉल मुकाट गेला. तिने चिडून लगेच दुसरा लावला, तो वाजला. हा पर्याय बंद असता तर सकाळी मला काय ऐकावं लागलं असतं ते इथे छापण्यासारखं नाही.

गजराकडे मात्र लक्ष द्या. अँड्रॉइडच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये गजरालाही गप्प करता येतं. अपवादांच्या यादीत गजरावर खूण आहे ना, एवढं बघा. पहाटेची गाडी चुकल्यावर आमच्याकडे येऊन काही उपयोग नाही.

वेळ ठरलेली नसेल, समजा अचानक दवाखान्यात जायचं झालं, तर वरून पडदा खाली ओढून 'डू नॉट डिस्टर्ब'च्या बटणावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये 'किती वेळासाठी' हे ठरवता येतं. एक तास निवडा आणि विसरून जा. आयफोनमध्ये हे सगळं 'फोकस' नावाखाली आहे आणि तिथे 'या जागेवरून निघेपर्यंत' असाही पर्याय मिळतो, जो मला स्वतःला फार आवडतो. सॅमसंगमध्ये 'मोड्स अँड रूटीन्स' शोधा.

दुकानदार मंडळींसाठी एक ओळ: दुपारच्या डुलकीला शांतता लावलीत तर पैसे जमा झाल्याचं सांगणाऱ्या अ‍ॅपला अपवादात घाला. नाहीतर गिऱ्हाईक म्हणेल पाठवले, आणि तुम्ही म्हणाल आले नाहीत.

उलट अडचण नवरात्रात आणि उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या वेळी. मैदानावर किंवा गच्चीवर स्पीकर असे दणाणतात की रिंग कितीही मोठी असली तरी ऐकू येत नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'फ्लॅश' शोधा. कॉल आला की कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतो. हे मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असलेलं सेटिंग आहे, त्यामुळे घरातल्या आजोबांच्या फोनवर बारा महिने चालू ठेवायलाही हरकत नाही. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी याचा जोडीदार म्हणजे कॉल करणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगणारं सेटिंग. फोन खिशात असला तरी "अमक्याचा कॉल" असं ऐकू येतं.

जागा ओळखणारा फोन

कचेरीत पोचलं की कंपन, बाहेर पडलं की रिंग, हेही फोन स्वतः करू शकतो. सॅमसंगच्या रूटीनमध्ये 'जर' आणि 'तर' असे दोन रकाने असतात. 'जर'मध्ये कचेरीचं वायफाय जोडलेलं असणं, 'तर'मध्ये कंपन. वायफाय सुटलं की आवाज आपोआप पहिल्यासारखा होतो. आयफोनमध्ये 'शॉर्टकट्स' अ‍ॅपच्या 'ऑटोमेशन' या भागात दोन नोंदी कराव्या लागतात, एक पोचल्याची, एक निघाल्याची. दुसरी करायला लोक हमखास विसरतात. शिवाय 'लगेच चालव' हा पर्याय निवडा, नाहीतर प्रत्येक वेळी फोन परवानगी मागत बसेल आणि मग हाताने केलेलं काय वाईट?

जागा नकाशावरून ओळखण्यापेक्षा वायफायवरून ओळखलेली बरी. मांडवीच्या आतल्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की नकाशावरची निळी टिकली शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसते. गाडी असेल तर गाडीचं ब्लूटूथ ही त्याहून पक्की खूण. ब्लूटूथ जोडलं की नकाशा उघडायचा, सुटलं की बंद.

ज्या फोनमध्ये अशी सोय नाही त्यांच्यासाठी 'मॅक्रोड्रॉइड' नावाचं अ‍ॅप आहे. फुकट आवृत्तीत पाच नियम करता येतात, आणि खरं सांगायचं तर घरगुती माणसाला पाच पुरतात. 'टास्कर' याहून पुष्कळ ताकदीचं आहे, पण विकत घ्यावं लागतं आणि ते शिकायला चार रविवार लागतात. आवड असेल तरच त्या वाटेला जा.

शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या फोनवर एक गोम आहे. बॅटरी वाचवण्यासाठी हे फोन मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करतात, मग तुमचा नियम दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी झोपतो. त्या एका अ‍ॅपला 'ऑटोस्टार्ट'ची परवानगी द्या आणि त्याच्यावरचं बॅटरीचं बंधन काढा. फक्त त्या एकाच, सगळ्यांना नाही.

तीन भाषांचं गाव, एक कीबोर्ड

सासूबाईंना मराठीत, सोसायटीच्या ग्रुपवर गुजरातीत, मुलाच्या शाळेत इंग्रजीत. बडोद्यात हे नवीन नाही. गूगलच्या कीबोर्डमध्ये तिन्ही भाषा जोडून ठेवा आणि स्पेसची लांब पट्टी दाबून धरून भाषा बदला. मराठीत टाइप करायचा कंटाळा असेल तर बोटाने लिहायचीही सोय आहे. आमचे एक निवृत्त मास्तर स्क्रीनवर बोटाने असं सुरेख वळणदार लिहितात की निरोप पाठवण्याआधी आम्हीच बघत राहतो.

याच कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'डिक्शनरी' असते. त्यात घराचा पूर्ण पत्ता, खुणेसकट, एकदा भरा आणि त्याचं छोटं रूप ठेवा, समजा 'घप'. मग कुठेही 'घप' टाइप केलं की वरच्या पट्टीत अख्खा पत्ता दिसतो, बोट लावलं की उतरतो. आयफोनमध्ये 'टेक्स्ट रिप्लेसमेंट' शोधा, तिथे स्पेस दिली की पत्ता आपोआप येतो. छोटं रूप असं निवडा जे एरवी कधी लिहिलं जात नाही. एकाने 'घर' ठेवलं होतं. बायकोला "घरी ये" ऐवजी फ्लॅट नंबरापासून पिनकोडापर्यंत सगळं गेलं. बँकेचा पासवर्ड, पिन, आधार क्रमांक यात कधीही भरू नका.

व्हॉट्सअ‍ॅप: सुप्रभातचे फोटो आपोआप उतरणं आजच बंद करा. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' इथे. फूल, चहाचा कप आणि सुविचार यांनीच तुमचा फोन भरलेला असतो, नवीन फोनची गरज नसते. नवीन फोन विकणं हा आमचा धंदा असूनही सांगतो.

बॅटरी आणि अडचणीची वेळ

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं, वीज गेली, तेव्हा ज्याच्या फोनमध्ये चार्ज होता त्याच्याकडे सगळा जिना जमत होता. बॅटरी सेव्हर एका ठराविक टक्क्यावर आपोआप चालू व्हावा असं ठेवता येतं. आम्ही तीस टक्के सुचवतो. वीसपर्यंत थांबलं तर जुन्या बॅटरीचा भरवसा नसतो, पंधरावरून एकदम शून्यावर येतात.

त्याच वेळी 'इमर्जन्सी' शोधून रक्तगट, चालू औषधं आणि घरच्या दोघांचे नंबर भरा. ही माहिती कुलूप न उघडताही दिसते. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनवर बाजूचं बटण पाच वेळा पटपट दाबलं की मदतीचा कॉल लागतो, आपल्याकडे ११२ ला. चालू ठेवायचं की नाही हे घरी ठरवा. जीन्सच्या घट्ट खिशात तो आपोआप लागल्याची उदाहरणं आम्ही पाहिली आहेत, आणि पलीकडून "बोला, काय मदत हवी?" आल्यावर माणसाची जी तारांबळ उडते ती बघवत नाही.

एका परवानगीबद्दल

आपोआप काम करणारी काही अ‍ॅप्स 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतात. ती दिली की ते अ‍ॅप तुमच्या स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. म्हणजे घराची किल्लीच. प्ले स्टोअरवरच्या, तुम्ही स्वतः निवडलेल्या अ‍ॅपला, गरज असेल तरच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' म्हणून आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी) उघडली आणि तिने ही परवानगी मागितली, तर ती पत्रिका नाही. हात लागलाच असेल तर आधी इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. आमच्याकडे त्यानंतर या.

आमच्याकडे येताना

आमच्याकडून घेतलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या फोनवर तुम्ही निवडलेली तीन सेटिंग्ज आम्ही फुकट लावून देतो. इतरांसाठी शंभर रुपये, आणि साधारण अर्धा तास. सकाळी अकराच्या आत आलात तर निवांत बोलता येतं, संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते. तुमचा पिन आम्हाला सांगू नका, लागेल तिथे तुम्हीच दाबा, आम्ही तोंड फिरवतो. मुलगा किंवा सून बरोबर असेल तर उत्तम, पण फोन त्यांच्या हाती देऊन तुम्ही बाकावर बसू नका. बटणं तुम्हीच दाबायची. सुरुवातीला कागदावर केलेली यादी आणा, आणि वाचायचा चष्मा विसरू नका.