बॉनेटवरचा उंचवटा आणि थंड हवेचे गणित

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर गाड्यांच्या सजावटीचे सामान विकणाऱ्या दुकानांत बॉनेटवर चिकटवायचे प्लॅस्टिकचे स्कूप, म्हणजे हवा आत घेण्यासाठी तोंड असलेले उंचवटे, मिळतात. दुहेरी टेपने ते बसवले की साध्या गाडीलाही शर्यतीच्या गाडीचा रुबाब येतो. त्यापलीकडे काहीच घडत नाही, कारण खालच्या पत्र्याला भोकच नसते. खऱ्या स्कूपचे काम निराळे आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिन मात्र हवा वजनाने नव्हे, आकारमानाने ओढते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर कोरड्या हवेचे वजन सुमारे १.१६ किलो असते. बॉनेटखाली तापून ती ६० अंशांवर गेली की तेच १.०६ किलोवर येते. म्हणजे प्रत्येक घोटात सुमारे नऊ टक्के ऑक्सिजन कमी. बाहेरची थंड हवा थेट आत आणणे हा स्कूपचा पहिला फायदा.

‘वेगामुळे हवा आत कोंबली जाते आणि ताकद वाढते’ हा समज मात्र बराच फुगवलेला आहे. कोस्टल रोडवर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना समोरच्या हवेचा जादा दाब जेमतेम २९० पास्कल भरतो, म्हणजे वातावरणीय दाबाच्या ०.३ टक्क्यांहूनही कमी. खरी कमाई गारव्याची आहे, झोताची नव्हे. आणि तो गारवा बहुतेक गाड्या पुढच्या जाळीमागूनच मिळवत असल्याने त्यांना स्कूपची गरज पडत नाही.

गरज पडते ती प्रामुख्याने टर्बो इंजिनांना, म्हणजे हवा आधी दाबून मग आत घेणाऱ्या इंजिनांना. टर्बोने दाबलेली हवा शंभर अंशांच्याही पुढे तापू शकते, म्हणून सिलिंडरमध्ये जाण्याआधी तिला इंटरकूलरमधून नेऊन थंड करावे लागते. स्कॉर्पिओच्या काही मॉडेलांत आणि पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरमध्ये हा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावरच बसवलेला असल्यामुळे त्याच्या पात्यांवर वारा पोहोचवायला बॉनेटवर तोंड ठेवावे लागले. पावसाचे पाणी त्यातून आत आले तरी ते पात्यांवरून ओघळून जाते. उलट थोडे अधिक थंड करते. स्कूप थेट एअर फिल्टरला जोडलेला असेल तर मात्र पाण्याचा निचरा वाटेतच व्हायला हवा.

स्कूपचे तोंड पत्र्यापासून उचललेले का असते, हे पावसाळ्यात कळते. गाडी वेगात असतानाही बॉनेटवरचे बारीक थेंब संथपणे सरकत राहतात, कारण पत्र्यालगतचा हवेचा पातळ थर जवळजवळ थबकलेला असतो. त्या थराच्या वर तोंड काढल्याशिवाय जोमदार वारा मिळत नाही. काही स्कूप तर उलटे, काचेकडे तोंड करून असतात. १९६९च्या शेव्हरोले कॅमॅरोला असा पर्याय मिळत असे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडून तिचा दाब वाढतो, आणि याच कारणाने आपल्या गाड्यांच्या केबिनमध्ये येणारी ताजी हवाही तिथूनच घेतलेली असते.

मुंबईत अडचण आहे ती वेगाची. साकीनाक्याला गाडी दहा मिनिटे तुंबली की स्कूपपुढे वाराच उरत नाही, इंजिनाची उष्णता वर चढते आणि डोक्यावरचा इंटरकूलर गार होण्याऐवजी तापत जातो. सिग्नल सुटल्यावर पहिली काही सेकंदे गाडी जड वाटते, ती बऱ्याचदा यामुळेच. पुढच्या बंपरमागे बसवलेल्या इंटरकूलरला हा त्रास कमी होतो, आणि अलीकडच्या बऱ्याच टर्बो गाड्यांची बॉनेट सपाट असण्याचे ते एक कारण आहे.