ज्येष्ठांची हालचाल आणि स्वावलंबन तपासणी

वय झालेला माणूस स्वतःच्या पायांवर किती हिंडतो-फिरतो आणि रोजची कामं कुणाच्या मदतीशिवाय किती उरकतो, हे मोजून बघायची पद्धत. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे) यातलं कुणीही ती करतं. आजाराचं नाव शोधणं हे इथलं काम नाही. दोघांच्या गुडघ्यांचे एक्सरे सारखेच वाईट असतात, पण एकजण जिना चढून वर जातो आणि दुसऱ्याला खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागतो. तपासायचा असतो तो हा फरक, आणि रिपोर्टच्या फायलीत तो कुठेच दिसत नाही.

जुनी आणि अजूनही वापरात असलेली मोजपट्टी म्हणजे कॅट्झ इंडेक्स. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी ती १९६३ साली मांडली. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं अशा ६ गोष्टी, प्रत्येकीला एक मार्क. गंमत म्हणजे या गोष्टी साधारण एका क्रमाने सुटतात, आंघोळ सहसा आधी जाते आणि जेवणं सगळ्यात शेवटी, म्हणजे लहान मूल शिकतं त्याच्या जवळपास उलटा क्रम. त्यामुळे "हल्ली आंघोळीला जरा मदत लागते" हे वाक्य घरच्यांनी सहज म्हटलं तरी तपासणाऱ्याने कान टवकारायला हवेत.

१९६५ चा बार्थेल इंडेक्स १० गोष्टींचा, १०० मार्कांचा. त्यात चालणं आणि जिनाही येतो, स्ट्रोकनंतर सुधारणा बघायला तो फार वापरतात. पण १०० पैकी १०० मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं नाही हं. फोन लावणं, खरेदी, स्वयंपाक, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा हिशेब ही डोकं लागणारी कामं वेगळी, आणि ती बहुतेकदा आधी गडबडतात. त्यासाठी लॉटन आणि ब्रोडी यांची १९६९ ची ८ कामांची यादी आहे. मूळ यादीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं या ३ कामांचे मार्कच धरत नव्हते! आता बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सगळंच विचारतात, तरी ज्याने जन्मात स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही त्याला "जमत नाही" म्हणून शून्य देणं चूकच.

हालचालीसाठी मात्र नुसतं विचारून भागत नाही, करून दाखवायला सांगावं लागतं. सगळ्यात सोपी टेस्ट टाइम्ड अप अँड गो, १९९१ ची. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चपला-बूट घालून (काठी वापरत असतील तर काठीसकट) ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं साधारण धरतात. पण माझ्या मते स्टॉपवॉचकडेच बघत बसलं तर अर्धी टेस्ट वाया जाते. उठताना दोनदा झोका घेऊन मग जमलं का, वळताना एका दमात वळले की सात-आठ बारीक पावलं टाकली, बसताना मागे खुर्ची कुठेय ते न बघता धपकन अंग टाकलं का, हे सगळं लिहून ठेवायचं. चालता चालता काहीतरी विचारा आणि उत्तर द्यायला माणूस जागीच थांबला तर तीही खूणच, चालण्यातच सगळं लक्ष खर्च होतंय.

बाकी टेस्ट थोडक्यात: हात छातीवर बांधून ५ वेळा उठ-बस, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात त्याला १४ सेकंदांची मर्यादा आहे. नेहमीच्या चालीने ४ मीटर चालायला ५ सेकंद किंवा जास्त, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा कमी, तर चाल मंद धरतात. तोल, चालण्याचा वेग आणि उठ-बस मिळून १२ मार्कांची एसपीपीबी (शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी) ही एकत्र टेस्ट होते. बर्ग स्केल फक्त तोलासाठी, ५६ मार्कांचं.

खरी गोची "करू शकतात" आणि "करतात" यामध्ये आहे. क्लिनिकच्या सपाट फरशीवर मस्त चालणारे आजोबा घरी दिवसभर खुर्चीतच असतात, कारण "तुम्ही बसा, मी आणून देते" म्हणणारं कुणीतरी कायम हजर असतं. उलटही होतं, टेस्टमध्ये काठावर पास होणाऱ्या आजी घरी भिंतीला, टेबलाला धरत धरत सगळं निभावतात. शिवाय ज्येष्ठ स्वतःबद्दल बरेचदा वाढवून सांगतात आणि सांभाळणारी दमलेली मंडळी कमी करून, म्हणून दोघांनाही वेगवेगळं विचारलेलं बरं, आणि जमलं तर घरी जाऊन बाथरूम, उंबरा, पलंगाची उंची डोळ्यांनी बघावी.

आकडा बिघडायची फालतू कारणंही असतात. रात्रीची झोपेची गोळी, उठल्यावर उतरणारं बीपी, विसरलेला चष्मा, नीट ऐकू न आलेली सूचना. पार्किन्सनमध्ये तर गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर एकाच माणसाचे दोन वेगळे आकडे येतात, त्यामुळे गोळी किती वाजता घेतली तेही लिहायचं. हॉस्पिटलमध्ये असलेल्या पेशंटबद्दल "आजारी पडायच्या दोन आठवडे आधी काय काय स्वतः करत होते?" हे विचारल्याशिवाय आजच्या मार्कांना अर्थ नाही. आणि टेस्ट चालू असताना तपासणारा बाजूला, थोडा मागे, हात पोचेल इतक्या अंतरावर उभा असतो, टेबलामागे बसून नाही.