कवितेचा रूपबंध

रूपबंध : कवितेची एकूण बांधणी. अक्षरांची किंवा मात्रांची मोजणी, यमक, ओळीची लांबी, कडव्याची घडण, विराम, शब्दांचा क्रम, पुनरुक्ती, प्रतिमा आणि अलंकार या सगळ्यांचा तिच्यात समावेश होतो. शाळेतल्या ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाने एक गैरसमज घट्ट रुजवला आहे: अर्थ आधी तयार असतो आणि कवी त्याच्या अंगावर दागिने चढवतो. अलंकार हा शब्दच त्याला कारणीभूत असावा. चांगल्या कवितेतली मात्रा किंवा यमक काढून पाहिले तर अर्थाचाही एक तुकडा त्याबरोबर निघून येतो. पुढील विवेचन मराठी कवितेपुरते आहे.

मराठीतला सर्वांत जुना आणि लवचीक बंध ओवीचा. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९००० ओव्यांमध्ये अक्षरसंख्या पक्की नाही. पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा चरण आखूड, यमकाविना सुटा असतो. ग्रंथाची पहिलीच ओवी अशी आहे: ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ ‘आद्या’, ‘प्रतिपाद्या’, ‘स्वसंवेद्या’ अशी एकाच नादाची तीन संबोधने चढत जातात. कान चौथ्या ‘द्या’ची वाट पाहतो, तेवढ्यात ‘आत्मरूपा’ येते आणि नाद थांबतो. ज्याला नमन चालले आहे त्याचे रूप नेमके त्या थांबलेल्या जागी उच्चारले जाते. यमक तोडण्याची ही जागा ओवीच्या घडणीतच दिलेली आहे. ज्ञानेश्वरांनी ती वापरली. दृष्टांतांची लांब साखळी गुंफायलाही हा बंध सोयीचा पडतो, कारण ‘जैसें’ एका ओवीत आणि ‘तैसें’ चार ओव्यांनंतर आले तरी चाल मोडत नाही.

अभंगात मोजणी अक्षरांची असते, लघुगुरूचा (आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचा) विचार नसतो. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, तर यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. तुकारामांचा ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया ॥’ हा त्याचा नमुना. ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ या यमकाने मूर्तीचे पाय आणि कमरेवरचे हात एका नजरेत बांधले जातात. चौथा चरण चार अक्षरांचा, त्यात क्रियापदही पुरे नाही. ‘ठेवोनिया’ म्हटल्यावर मूर्ती तशीच उभी राहते. सगळा अभंग असा बाहेरून पाहत जातो आणि शेवटी ‘तुका म्हणे माझे । हेचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख । आवडीने ॥’ यात पाहणारा प्रथमच समोर येतो. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ही नाममुद्रा केवळ सही म्हणून पाहिली जाते, ते अपुरे आहे. कवी स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी करून लगेच ‘माझे’ म्हणतो, आणि वर्णनाचे निवेदन होते.

लहान अभंग आठ-आठ अक्षरांचा: ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले ॥’ हीच आठ अक्षरांची मोजणी बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ‘अरे संसार संसार । जसा तवा चुल्ह्यावर । आधी हाताला चटके । तंव्हा मिळते भाकर’ या ओळींत आहे. उपमा दुसऱ्या ओळीतच पूर्ण झाली. साम्य दाखवून थांबणारा कवी तिथेच थांबला असता. पुढच्या दोन ओळींत तवा खरोखर तापतो. ‘आधी’ आणि ‘तंव्हा’ हे दोन शब्द ओळींच्या सुरुवातीला उभे आहेत, म्हणून चटके आणि भाकर यांचा क्रम उलटा लावता येत नाही. सगळे सांगणे त्या क्रमात आहे.

गणवृत्तांमध्ये लघुगुरूंची जागा ठरलेली असते आणि वृत्ताची चाल अर्थाला आपला रंग देते. मंदाक्रांता चार गुरूंनी सुरू होते, मग पाच लघू धावतात. विरहाच्या संथ, अधूनमधून अधीर होणाऱ्या बोलण्याला ती शोभते. भुजंगप्रयातात लघु-गुरु-गुरु हा ठेका ओळीत चार वेळा येतो. रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ त्यात रचले आणि ताकीद देणारा, डोक्यात घर करणारा स्वर साधला. मात्रावृत्तांत लघूची एक आणि गुरूच्या दोन अशा मात्रा मोजतात. त्यांपैकी आर्येचे उदाहरण तिच्या स्तुतीतच सापडते: ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची । ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची ॥’ हे दोन अर्ध मोजले, तर प्रत्येकात १२ आणि १८ मात्रा निघतात, म्हणजे शास्त्राप्रमाणे ही गीती (आर्येच्याच कुळातले वृत्त) भरते. मोरोपंतांच्या ज्या रचनांना मराठीत सरसकट आर्या म्हणतात त्यांचेही बहुधा तेच आहे.

मात्र अमुक वृत्त म्हणजे अमुक भाव, असा हिशेब फार पुढे नेता येत नाही. केशवसुतांची ‘तुतारी’ (१८९३) आणि मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहातली उंदरांची कविता शेजारी ठेवावी. ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ ही ओळ १६ मात्रांची, आठ-आठवर विसावणारी. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ हीही तशीच, आठ आणि आठ. (‘ओल्या’, ‘पडल्या’ यांतल्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून ‘पडल्या’च्या मात्रा चारच.) केशवसुतांकडे या चालीवर ‘भेदुनि टाकिन सगळी गगने’ अशी भविष्यकाळी क्रियापदे स्वार होतात आणि ठेका कूच करणाऱ्या पावलांचा वाटतो. मर्ढेकरांकडे पुढच्या ओळी ‘माना पडल्या, मुरगळल्याविण, ओठांवरती ओठ मिळाले, माना पडल्या, आसक्तीविण’ अशा आहेत. ठेका तोच, पण आता तो यंत्रासारखा चालतो. मरण आणि मीलन दोन्ही एकाच मापात उरकली जातात. गोड चालीचे वृत्त इथे मुद्दाम न शोभणारे आहे आणि भीती त्या विसंगतीतून येते.

‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ या ओळीतला शब्दक्रमही पाहण्याजोगा आहे. व्याकरणाने ‘ओल्या’ हे ‘पिपांत’चे विशेषण आहे, पण ते दोन शब्द पुढे, ‘उंदिर’च्या अंगाला चिकटून बसले आहे. वाचक क्षणभर ‘ओल्या उंदिर’ असे वाचतो, अडखळतो आणि मागे जातो. तोवर ओल पिपातून उंदरांत झिरपलेली असते. ‘माना पडल्या’ दोनदा येते. पहिल्यांदा ती शरीराची गोष्ट, ‘आसक्तीविण’ जोडल्यावर मनाची. पुनरुक्तीतला शब्द बदलत नाही, त्याचा अर्थ बदलतो. गझलेतला रदीफ याच तत्त्वावर चालतो: तोच शब्द प्रत्येक शेराच्या शेवटी येतो आणि चांगल्या गझलेत दरवेळी वेगळा ऐकू येतो.

न सांगता सुचवण्याच्या या शक्तीला संस्कृत काव्यशास्त्राने ध्वनी म्हटले. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात त्याची मांडणी केली. ‘गंगेवर वस्ती’ या नेहमीच्या उदाहरणात वस्ती पाण्यावर असणे शक्य नसल्याने तीरावर असा अर्थ घ्यावा लागतो. मग सरळ ‘तीरावर’ का म्हटले नाही? त्या जागेचा गारवा आणि पावित्र्य ‘गंगेवर’ म्हटल्याने येते, म्हणून.

आयात झालेल्या बंधांपैकी सुनीत (सॉनेट) केशवसुतांनी मराठीत आणले. १४ ओळींच्या या रचनेला ते ‘चतुर्दशक’ म्हणत. सुनिताचे बळ कलाटणीत असते: आठ ओळींत चढवलेला विचार उरलेल्या सहांत वळतो. कलाटणी नसेल तर १४ ओळी नुसत्या मोजायच्या उरतात, आणि तशी सुनीते मराठीत पुष्कळ आहेत.

मुक्तछंदात ठरीव मोजणी सुटते, म्हणून ओळ कुठे तोडायची हा निर्णय जड होतो. छंदात ओळीचा शेवट आधीच ठरलेला असतो. इथे प्रत्येक शेवटाचे उत्तर कवीला द्यावे लागते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’मध्ये (१९७२) गद्याच्या जवळ जाणाऱ्या लांब ओळी वाचकाचा श्वास पुरू देत नाहीत, आणि त्या कवितांतल्या वस्तीतही उसंत नाही. मुक्तछंदाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या कवी अनिलांनी (१९०१–१९८२) पुढे स्वतःच दहा ओळींचा एक नवा बंध घडवला. त्याला त्यांनी दशपदी हे नाव दिले.