नाव काढलं तरी माणूस ओळखू येतो

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली बाई ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराच्या उपचारासाठी येते. आजार दुर्मीळ, उपचार लागू पडले, आणि डॉक्टरांना त्यावर वैद्यकीय नियतकालिकासाठी केस रिपोर्ट, म्हणजे त्या एका रुग्णावरचा लेख, लिहायचा आहे. नाव गाळलं, केसपेपरचा नंबर गाळला. उरलं एवढंच: ‘४२ वर्षांची, कोरडवाहू कपाशीची शेती करणारी विधवा, दोन मुली, नवऱ्याची आत्महत्या बोंडअळीच्या वर्षी.’ आता हिशेब करू. गाव १,२०० वस्तीचं. बाया साधारण ६००. चाळीस ते पंचेचाळीसच्या मधल्या चाळीसेक. त्यांत विधवा तीन-चार. नवऱ्याने आत्महत्या केलेली एकच. नाव न छापता नाव छापून झालं.

मुंबईच्या रुग्णाबद्दल हेच वाक्य लिहिलं असतं तर लपायला गर्दी होती. शिवाय हाड मोडल्याचा अहवाल एक्स-रेवर उभा राहतो, घरची हकीकत त्यात लागत नाही. मनोविकारात मात्र रुग्णाची हकीकत हाच पुरावा असतो, आणि ती गाळली तर लेखात काही उरत नाही. मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकांचे नियम या पेचातून आले आहेत. विदर्भातल्या खेड्यासाठी ते छापलेत त्याहून थोडे कडकच धरावे लागतात.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, १९७८ साली व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांच्या गटातून उभी राहिली. तिचं म्हणणं सरळ आहे: शास्त्रीय मुद्द्याला जो तपशील लागत नाही तो काढा. ‘४२ वर्षांची’ऐवजी ‘चाळिशीतली’. ‘मार्च २०२१’ऐवजी ‘उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात’. जात, पीक, मुलींची संख्या निदानाशी संबंधित नसेल तर सरळ बाद. तपशील बदलायचाच असेल तर त्याने शास्त्रीय अर्थ बिघडत नाही, याची हमी लेखकाने द्यायची आणि संपादकाने तशी नोंद करायची. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारणं पुरेसं नाही, हेही या समितीने स्पष्ट लिहिलं आहे. तरी अशा पट्ट्या अजून दिसतात. लेखात ‘मध्य भारतातील ग्रामीण भाग’ असं मोघम लिहून लोक निर्धास्त होतात, पण लेखकाच्या नावाखाली रुग्णालयाचा पत्ता छापलेला असतोच. तो लपवता येत नाही, म्हणून आतले तपशील त्याच प्रमाणात कमी करायचे. आणि गोष्टीत एकटी ती बाई नसते. मारहाण करणारा दीर, ‘बाहेरचं आहे’ म्हणून मांत्रिकाकडे नेणारी सासू, वेड लागून घर सोडून गेलेला भाऊ, यांनी कुठेच सही केलेली नसते.

सहीचं तर वेगळंच प्रकरण आहे. उपचाराला संमती, संशोधनात भाग घ्यायला संमती आणि छापायला संमती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल होताना घेतलेल्या एका कागदावर तिन्ही भागवण्याची सवय आपल्याकडे फार जुनी. छापण्याच्या संमतीत रुग्णाला सांगावं लागतं की लेख इंटरनेटवर येईल, तो जगात कुणीही वाचू शकेल आणि एकदा आला की परत घेता येणार नाही. रुग्ण ओळखू येण्यासारखा असेल तर छापण्याआधी मसुदा त्याला दाखवायचा. इंग्रजी मसुदा नुसता समोर धरून भागत नाही, त्यात काय आहे ते मराठीत बसून वाचून दाखवावं लागतं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा. वॉर्डातली सिस्टर किंवा संशोधकाचा कनिष्ठ डॉक्टर निःपक्ष ठरत नाही.

त्यात मनोविकाराची आणखी एक अडचण. उन्मादाच्या भरात रुग्ण आनंदाने सही करतो, ‘माझी गोष्ट साऱ्या जगाला सांगा’ म्हणतो. उन्माद उतरला की त्याच गोष्टीची त्याला लाज वाटते. म्हणून छापण्याची संमती बरं वाटल्यावर घ्यावी, आणि आधी घेतली असेल तर पुन्हा विचारावं. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. कलम ९९ संशोधनाबद्दल आहे. मुलाखत असो की औषध, रुग्णाची स्वतःची माहितीपूर्ण संमती लागते. तो संमती देऊ शकत नसेल पण विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयासाठी नेमलेल्या व्यक्तीची, संमती लागते. नवऱ्याने किंवा भावाने ‘घ्या लिहून’ म्हणणं पुरत नाही. दिलेली संमती कधीही मागे घेता येते.

संस्थेच्या नैतिकता समितीची, म्हणजे संशोधनात रुग्णाच्या हक्कांना धक्का लागत नाही ना हे बघणाऱ्या मंडळाची, मंजुरी माहिती गोळा करायच्या आधी घ्यायची असते. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि तरी बरेच लेख इथेच अडकतात. ओपीडीत दोन वर्षं फॉर्म भरून घ्यायचे, मग लेख लिहिताना समितीकडे धावायचं, असं चालत नाही. मागच्या तारखेची मंजुरी नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा आणि एक सदस्य वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य नागरिक असावा. हा सामान्य नागरिक शोभेचा नाही. माहितीपत्रक गावातल्या माणसाला समजेल का, हे त्यानेच सांगायचं असतं. तालुक्याच्या गावी एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरकडे स्वतःची समिती नसते. त्याने जवळच्या मेडिकल कॉलेजच्या समितीशी करार करून प्रस्ताव तिथे ठेवायचा.

आता आकड्यांकडे. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर अभ्यास करणारा विद्यार्थी बहुतेक वेळा आधी जिल्हाधिकारी कार्यालयात यादी मागतो. त्या यादीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे रकाने असतात. १ लाख रुपयांच्या सरकारी मदतीसाठी ही वर्गवारी केली जाते: कुटुंबाच्या नावावर शेती आहे का, अधिकृत कर्ज होतं का, ते थकलं होतं का. पात्र घरं तेवढी निवडली आणि ‘आत्महत्या केलेल्या बहुतेक शेतकऱ्यांवर बँकेचं कर्ज होतं’ असा निष्कर्ष काढला, तर मदतीची अट फिरून निष्कर्ष म्हणून छापली गेली. ठोक्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्याने घेऊन, वावर कसणारा, सावकाराकडून पैसे घेतलेला, सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई हे सगळे आधीच गळालेले असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वापरतानाही जपावं लागतं, कारण २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले जातात. त्याआधीची आणि नंतरची वर्षं एका रेषेत जोडली की उतार दिसतो, जो बराचसा कागदावरचा असतो.

रुग्णालयाच्या रजिस्टरमध्येही असाच खड्डा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. रजिस्टरात फक्त ‘विषबाधा’ लिहिलं असेल तर श्वासातून गेलेलं आणि जाणूनबुजून घेतलेलं एकाच रकान्यात पडतं. अशा नोंदींवरून आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण काढणाऱ्या लेखाला समीक्षक, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारा तज्ज्ञ, पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि विचारायलाच हवा.

प्रयोग असेल, म्हणजे औषध, समुपदेशन, योग, काहीही देऊन परिणाम बघायचा असेल, तर सीटीआरआय या वैद्यकीय प्रयोगांच्या भारतीय नोंदवहीत पहिल्या सहभागी व्यक्तीला घेण्याआधी नोंद करायची. ही नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली, नोंदणी मोफत आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून आधीच केलेली नोंदच स्वीकारली जाते. काय मोजणार, कधी मोजणार, किती लोकांत, हे तिथे आधी लिहून ठेवावं लागतं. समजा, नैराश्याच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचे (९ प्रश्न, ० ते २७ गुण) तीन महिन्यांनंतरचे गुण हा मुख्य मापदंड लिहिला होता आणि लेखात मात्र सहा आठवड्यांनंतर झोप सुधारल्याचं ठळक छापलं. समीक्षक नोंद उघडतो आणि दोन मिनिटांत विचारतो, तीन महिन्यांचे गुण कुठे गेले?

इतका संशय का, याचं उत्तर मनोविकाराच्याच औषधांत आहे. १२ नैराश्यरोधक औषधांच्या, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या २००८ साली तपासल्या गेल्या. प्रशासनाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूचा होता, त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ अशा बेतानं छापल्या की निकाल चांगला वाटावा, आणि फक्त ३ जशाच्या तशा आल्या. ग्रंथालयात बसून वाचणाऱ्या डॉक्टरला १०० पैकी ९४ चाचण्या यशस्वी दिसत होत्या. प्रत्यक्षात निम्म्याच होत्या. त्याआधी २००१ साली किशोरवयीन मुलांना पॅरॉक्सेटिन हे नैराश्यरोधक औषध देऊन केलेली ‘स्टडी ३२९’ ही चाचणी औषध गुणकारी आणि सुरक्षित सांगत छापली गेली. मसुदा कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखनसंस्थेने तयार केला होता, हे पुढे उघड झालं. मूळ आकडे पुन्हा मोजून २०१५ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखाने दाखवलं की औषध खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा सरस नव्हतं, आणि आत्महत्येच्या विचारांसह दुष्परिणाम जास्त होते.

नीट छापलेल्या कामाचं उदाहरण अमरावती जिल्ह्यात आहे. ३० गावांतल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा लेख २०१७ साली लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात आला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार मागणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हा आकडा मदत मागणाऱ्यांचा आहे, बरे झालेल्यांचा नाही. आणि ही आधीची आणि नंतरची अशी दोन सर्वेक्षणं होती, चिठ्ठ्या टाकून गावं वाटलेली नव्हती. शीर्षकातही ‘लोकसंख्येवर आधारित अभ्यास’ एवढंच म्हटलं आहे. वर्तमानपत्रात बातमी करताना हा फरक हमखास पुसला जातो.

लेखक कोण, यावर भांडणं फार होतात. आयसीएमजेईच्या चार अटी आहेत आणि चारही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: कल्पना, माहिती किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा मजकूर कसून तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मंजुरी, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. विभागप्रमुख आहेत म्हणून त्यांचं नाव टाकणं या अटींत बसत नाही. कितीही अवघड वाटलं तरी नाही. उन्हातान्हात घरोघर फिरून फॉर्म भरणारी आशाताई तेवढ्याने लेखक होत नाही, पण आभारात तिचा उल्लेख हवा. तिला मसुदा लिहिण्यात आणि तपासण्यात घेतलं तर ती लेखक होऊ शकते. तसं फार थोडे करतात.

पाठवणीचा भाग तुलनेने सोपा. बऱ्याच नियतकालिकांत समीक्षकाला लेखकाचं नाव कळू देत नाहीत, म्हणून तिथे नावांचं पान वेगळ्या फाइलमध्ये द्यायचं. मुख्य फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव तसंच राहतं, आणि ‘आमच्या सेवाग्रामच्या रुग्णालयात’ असं एक वाक्य सगळं उघड करतं. बऱ्याच प्रश्नावल्यांवर स्वामित्वहक्क असतो. पीएचक्यू-९ मोफत आहे, बेक यांची नैराश्य प्रश्नावली नाही, तिची परवानगी लागते. एकच लेख दोन ठिकाणी एका वेळी पाठवायचा नाही, आणि एका सर्वेक्षणाचे चार तुकडे करून चार लेख काढायचे नाहीत.

बढतीसाठी लेख हवाच असतो, त्यामुळे फसवी नियतकालिकं जोरात आहेत. ‘आदरणीय डॉक्टर’ म्हणून ई-मेल येतो, तीन दिवसांत स्वीकृती, मग पैशांची मागणी. आयएसएसएन नंबर दर्जाची खूण नाही, तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो. संपादक मंडळातल्या दोघांना फोन करून विचारावं, काहींना आपलं नाव तिथे आहे हेच ठाऊक नसतं. एकदा तिथे छापलं की तोच लेख चांगल्या ठिकाणी देता येत नाही, आणि छापण्याआधी मागे घ्यायचा म्हटलं तरी पैसे मागतात.

आयसीएमजेईने २०२३ साली ठरवलं की कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन लेखक होऊ शकत नाही, आणि ते वापरलं असेल तर सांगावं लागेल. रुग्णाची हकीकत इंग्रजी सुधारण्यासाठी चॅटबॉटमध्ये टाकली, तर ती रुग्णालयाबाहेर गेली असंच धरावं. लेख तपासायला आलेल्या समीक्षकालाही हेच लागू.

रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या हातात काही गोष्टी आहेत. सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्यावी. माहितीपत्रकावर नैतिकता समितीच्या सदस्य सचिवाचा फोन नंबर असायला हवा. नसेल तर सही करण्याआधी विचारावा. नको असेल तर ‘नको’ म्हणावं, त्यामुळे औषध किंवा ओपीडीतली तारीख थांबवता येत नाही. छापून आल्यावर लक्षात आलं, तर समितीला आणि नियतकालिकाच्या संपादकाला लेखी कळवावं, मराठीत लिहिलं तरी चालेल. संपादक मजकूर दुरुस्त करू शकतो, फोटो काढू शकतो, लेख मागे घेऊ शकतो. तोवर उतरवून घेतलेल्या प्रती मात्र त्याच्या हातात नसतात.